स्पीकरमागचे ध्वनिशोषक फलक : एक चिकित्सा

प्रस्तावना :

ध्वनिमुद्रित संगीताची समीक्षा करताना आपण गायकाविषयी लिहितो, साथीविषयी लिहितो, मुद्रणाच्या प्रतीविषयी लिहितो आणि फार तर ज्या यंत्रावर ऐकले त्याचा उल्लेख करतो. ज्या खोलीत बसून ऐकले त्या खोलीविषयी मात्र सहसा एक वाक्यही लिहिले जात नाही. वास्तविक बंद खोलीत श्रोत्याच्या कानापर्यंत येणाऱ्या ध्वनीचा मोठा भाग भिंती, छत आणि जमीन यांवरून परावर्तित होऊन आलेला असतो. स्पीकर हे वाद्य मानले तर खोली हा त्या वाद्याचा भोपळा होय.

अलीकडे घरोघरच्या श्रवणकक्षांत, तसेच महाविद्यालयांच्या दृक्‌श्राव्य दालनांत, स्पीकरच्या मागील भिंतीवर ध्वनिशोषक फलक लावण्याची प्रथा रूढ होत आहे. काचलोकर, दगडलोकर अथवा फोम यांचे दोन ते पाच सेंटिमीटर जाडीचे, कापडाने मढविलेले हे फलक दिसायला नीटनेटके असतात. ते लावल्यावर 'आवाज स्वच्छ झाला' असा अनुभवही पुष्कळजण सांगतात. हा अनुभव खोटा आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. परंतु ज्या दोषावर उपाय म्हणून हे फलक त्या विशिष्ट जागी लावले जातात, तो दोष त्यांनी दूर होतो का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. या प्रश्नाची चिकित्सा करणे आणि तिचा संगीतसमीक्षेशी असलेला संबंध दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथेची पूर्वपीठिका :

वास्तू आणि ध्वनी यांच्या संबंधाचे भान जुने आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडप पर्वतातील गुहेसारखा, लहान झरोक्यांचा आणि वाऱ्याचा शिरकाव नसलेला असावा, म्हणजे ध्वनीला गांभीर्य येते, असा निर्देश आहे. मात्र या भानाला मोजमापाची जोड मिळाली ती १८९५ नंतर. हार्वर्ड विद्यापीठातील फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानकक्षात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून अनाकलनीय होत. हा दोष दूर करण्याचे काम वॉलेस क्लेमेंट सबाइन या तरुण अध्यापकाकडे आले. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील गाद्या रात्री वाहून आणून, ऑर्गनची नळी वाजवून आणि ध्वनी विरायला लागणारा काळ मोजून त्यांनी निनादकालाचे सूत्र सिद्ध केले. खोलीचे घनफळ जितके अधिक तितका निनाद दीर्घ, आणि एकूण शोषण जितके अधिक तितका तो अल्प, असे हे सूत्र सांगते. शोषणाचे आद्य माप म्हणून सबाइन यांनी उघडी खिडकी घेतली. तिच्यातून गेलेला ध्वनी परत येत नाही, म्हणून ती पूर्ण शोषक. १९०० मध्ये उघडलेले बोस्टनचे सिंफनी हॉल हे या संशोधनाचे पहिले मोठे फळ होय.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. सबाइन यांचा प्रश्न मोठ्या दालनाचा होता आणि त्यात शोषक कोणत्या भिंतीवर आहे यापेक्षा एकूण शोषण किती आहे याला महत्त्व होते. 'स्पीकरच्या मागे' हा विशिष्ट आग्रह त्यानंतर बऱ्याच काळाने आला. १९८० मध्ये डॉन डेव्हिस आणि चिप्स डेव्हिस यांनी ध्वनिमुद्रणशाळेच्या नियंत्रणकक्षासाठी 'लाइव्ह एंड, डेड एंड' ही संकल्पना मांडली. कक्षाचा स्पीकरकडील अर्धा भाग शोषक, म्हणजे 'मृत', आणि मुद्रकाच्या पाठीमागचा अर्धा भाग परावर्तक, म्हणजे 'जिवंत', ठेवावा असे तिचे स्वरूप. मुद्रणशाळेतील सूक्ष्म अवकाशध्वनी मुद्रकाला ऐकू यावा आणि नियंत्रणकक्षाच्या आरंभीच्या परावर्तनांनी तो झाकोळू नये, हा तिचा हेतू होता. मुद्रकाच्या कामासाठी तो योग्यच होता. त्या कक्षांत मुख्य स्पीकर पुष्कळदा भिंतीतच बसविलेले असत. त्यामुळे स्पीकर आणि त्याच्या मागची भिंत यांच्यामध्ये अंतर उरत नसे आणि त्या अंतरातून उद्भवणारा दोषही नसे.

घरात ही संकल्पना येताना तिचा अर्धाच भाग आला. स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे राहिले, श्रोत्यामागच्या जिवंत भागाचा विचार गळाला आणि समोरच्या भिंतीवरील कापडी फलक तेवढा राहिला. एका शास्त्रातील उपाय त्याच्या संदर्भातून सुटून दुसरीकडे गेला की तो रूढी बनतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

स्पीकरमागे जाणारा ध्वनी कोणता?

नेहमीच्या बंद पेटीच्या स्पीकरमधून सर्व ध्वनी सर्व दिशांना सारखा पसरत नाही. तरंगलांबी पेटीच्या रुंदीपेक्षा बरीच लहान असेल तर ध्वनी प्रामुख्याने पुढे जातो. ती पेटीपेक्षा बरीच मोठी असेल तर ध्वनी पेटीला वळसा घालून मागे पसरतो. २० सेंटिमीटर रुंदीच्या पेटीइतकी तरंगलांबी सुमारे १७०० हर्ट्झ वारंवारतेला असते. या सीमेच्या वर मागच्या भिंतीकडे थेट जाणारा ध्वनी उत्तरोत्तर क्षीण होतो. काही शे हर्ट्झच्या खाली मात्र तो पुढे जितका जातो जवळजवळ तितकाच मागेही जातो.

आता फलकाचा स्वभाव पाहू. सच्छिद्र द्रव्यात हवेचे कण हलतात तेव्हा घर्षणाने ध्वनीची ऊर्जा उष्णतेत बदलते. कठीण भिंतीला लागून हवेचे कण हलत नाहीत. ते सर्वाधिक हलतात भिंतीपासून पाव तरंगलांबीइतक्या अंतरावर. ५ सेंटिमीटर ही पाव तरंगलांबी येते सुमारे १७०० हर्ट्झला. व्यवहारात चांगल्या प्रतीचा ५ सेंटिमीटरचा फलक ५०० हर्ट्झच्या वर उत्तम काम करतो, २५० हर्ट्झच्या आसपास घनतेनुसार मध्यम ते बरे काम करतो, आणि १२५ हर्ट्झला त्याचा शोषणांक ०.२ च्या आसपास येतो. म्हणजे पाचांतील चार भाग ऊर्जा परत फिरते. पातळ फोमची स्थिती याहून वाईट असते.

ही दोन्ही विधाने एकत्र वाचली की या प्रथेतील मूळ विसंगती स्पष्ट होते. फलक ज्या ध्वनीला अडवू शकतो तो ध्वनी स्पीकरमधून थेट त्या भिंतीकडे फारसा जातच नाही. आणि जो जातो त्याला फलक अडवू शकत नाही. शिवाय ६० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच फलकासमोर अडीच मीटर लांबीचा तरंग आला तर त्याच्या दृष्टीने हा फलक म्हणजे भिंतीवरचा एक लहानसा ठिपका असतो.

षड्जाचे उदाहरण :

हा मुद्दा केवळ भौतिकशास्त्राचा राहू नये म्हणून आपल्या संगीतातले उदाहरण घेऊ. अनेक पुरुष गायक काळी एक किंवा तिच्या आसपासची पट्टी घेतात. काळी एकचा मध्य षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झ वारंवारतेचा. तंबोऱ्याची जोडीची तार याच स्वरात असते आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९.३ हर्ट्झवर. २५ अंश सेल्सिअस तापमानाला हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर धरला तर मध्य षड्जाची तरंगलांबी जवळजवळ २.५ मीटर येते.

समजा, स्पीकरचा मंद्र ध्वनी देणारा पडदा मागच्या भिंतीपासून ६२ सेंटिमीटरवर आहे. भिंतीवर जाऊन परतलेला तरंग थेट तरंगापेक्षा १.२४ मीटर, म्हणजे बरोबर अर्धी तरंगलांबी, जास्त चालतो. एकाचे शिखर दुसऱ्याच्या दरीवर येते आणि विनाशी व्यतिकरण घडते. श्रोता स्पीकरपासून अडीच मीटरवर असेल आणि बाकीच्या भिंतींचा प्रभाव क्षणभर बाजूला ठेवला, तर हिशेबाने षड्जाचा हा मूळ घटक सुमारे साडेनऊ डेसिबलने खाली जातो. ०.२ शोषणांकाचा फलक लावल्यास ही घट आठ डेसिबलच्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ तशीच राहते. शोषणांक ०.८ असता तर ती तीन डेसिबलवर आली असती. परंतु त्या स्वराला इतका शोषणांक मिळविण्यासाठी भिंतीचा मोठा भाग दहा सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक जाडीच्या द्रव्याने झाकावा लागेल. दोन्ही स्पीकर भिंतीपासून समान अंतरावर ठेवण्याची काटेकोर दक्षता आपण घेतो, तेव्हा तर दोघेही तोच स्वर गमावतात.

यातील खरी मेख पुढेच आहे. षड्जाचा मूळ घटक कमी झाला म्हणून श्रोत्याला स्वर बेसूर किंवा वेगळा वाटत नाही. कान वरच्या उपस्वरांवरून मूळ स्वर ओळखतो. तंबोऱ्यात तर हे उपस्वर विपुल असतात. तंबोरा आणि वीणा यांच्या रुंद, वक्र घोडीमुळे तारेच्या कंपनात असे उपस्वरही उमटतात, जे साध्या नियमानुसार उमटू नयेत, ही गोष्ट चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये निदर्शनास आणली होती. परिणामी स्वरस्थान कायम राहते आणि स्वराचे वजन जाते. श्रोता म्हणतो, 'आवाज पातळ आहे', 'षड्जाला भरीवपणा नाही'. समीक्षक ते लिहितो आणि दोष गायकाच्या माथी बसतो, किंवा मुद्रकाच्या. भिंतीपासूनच्या ६२ सेंटिमीटर अंतराचे नाव कोणी घेत नाही.

फलकाने नेमके काय बदलते?

मग 'आवाज स्वच्छ झाला' हा अनुभव कशाचा? त्याचे उत्तर सबाइन यांच्या सूत्रातच आहे. आपल्याकडील ३.६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच अशी मध्यम खोली घेऊ. तिचे घनफळ सुमारे ३० घनमीटर. फरशी, गिलावा केलेल्या भिंती आणि काँक्रीटचे छत असलेली ही खोली रिकामी असेल तर तिचा निनादकाल अडीच सेकंदांच्या वर जातो. गादी, पडदे, पुस्तके आणि माणसे यांनी मध्यम व उच्च वारंवारतांना शोषण ८ चौरस मीटरइतके झाले तर तो ०.६ सेकंदावर येतो. अशा खोलीत वरील मापाचे दोन फलक लावल्यास १००० हर्ट्झला साधारण १.३ चौरस मीटर शोषण वाढते आणि निनादकाल ०.५ सेकंदाच्या जवळ येतो. हा फरक कानाला जाणवतो. मात्र तो फलक स्पीकरच्या मागे आहे म्हणून घडलेला नाही. तोच फलक बाजूच्या वा पाठीमागच्या उघड्या भिंतीवर लावला असता तरी तो जवळपास तितकाच घडला असता.

दुसरीकडे, १२५ हर्ट्झला हेच दोन फलक अवघे ०.३ चौरस मीटर शोषण देतात. लहान खोलीत सुमारे ३०० हर्ट्झच्या खाली निनादाचे साधे सूत्र तसेही लागू पडत नाही. तेथे खोलीची स्वतःची कंपने राज्य करतात. आपल्या घरांत गाद्या, पडदे, कपडे यांमुळे उच्च ध्वनीचे शोषण आधीच बऱ्यापैकी असते. टंचाई असते ती मंद्र ध्वनीच्या शोषणाची. उत्तर अमेरिकेतील घरांत लाकडी चौकटीवर बसविलेल्या जिप्समच्या भिंती स्वतः किंचित हलून मंद्र ध्वनीचा काही भाग शोषतात. विटा आणि काँक्रीट हे करीत नाहीत. पातळ फलकांची संख्या वाढवीत नेल्यास ही दरी रुंदावते. जवारीची झळाळी, तबल्याच्या चाटेचा टोकदारपणा आणि खोलीतला मोकळेपणा कमी होतो. डग्ग्याचा घुमारा मात्र जागच्या जागी राहतो. अशा वेळी स्वच्छता म्हणून जे वाटते ते पुष्कळदा वरच्या स्वरांचे मंदावणे असते.

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत दीर्घकाळ काम केलेल्या फ्लॉइड टूल यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच धोक्याकडे लक्ष वेधले आहे. सर्वच आरंभीची परावर्तने श्रोत्याला नकोशी नसतात, बाजूच्या भिंतींवरून येणारी परावर्तने पुष्कळांना अवकाशाची सुखद जाणीव देतात, आणि पातळ शोषक हा चांगल्या स्पीकरचा स्वरसमतोल बिघडवू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते बहुतांशी पटण्याजोगे आहे. तथापि ज्या प्रकारच्या घरांच्या अनुभवावर ते उभे आहे ती घरे आपली नव्हेत, याचे भान ठेवावे लागते. उघड्या फरशीच्या, अर्धवट रिकाम्या खोलीला काही शोषणाची गरज असतेच. म्हणून डेव्हिसद्वयीचे सूत्र जसेच्या तसे उचलणे जितके चूक, तितकेच टूल यांचे निष्कर्ष विटांच्या भिंतींवर जसेच्या तसे चिकटविणेही चूक ठरेल.

प्रतिपक्षाचा विचार :

फलकांच्या बाजूने काही सबळ मुद्दे आहेत आणि त्यांचा विचार केल्याशिवाय ही चिकित्सा एकांगी होईल. पहिला मुद्दा असा, की सर्व स्पीकर पेटीबंद नसतात. १९५७ मध्ये बाजारात आलेल्या क्वाड कंपनीच्या स्थिरविद्युत स्पीकरसारखे द्विमुखी स्पीकर पुढे आणि मागे सारखाच ध्वनी फेकतात. तेथे मागच्या भिंतीवर उच्च ध्वनीही पोहोचतो आणि फलकाला करण्यासारखे काम असते. दुसरा मुद्दा, श्रोत्याच्या पाठीमागील भिंतीवर आपटून पुन्हा समोर येणारा ध्वनी स्पीकरमागच्या भिंतीवर अडविता येतो. तिसरा, दोन समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये टाळी वाजविल्यावर जी फडफड ऐकू येते ती त्यांपैकी एका भिंतीवरील फलकाने थांबते. हे तिन्ही मुद्दे मान्य आहेत. परंतु फलक घेणाऱ्याला यांतील कोणता दोष आपल्या खोलीत आहे हे ठाऊक असावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

एक दावा मात्र मुळीच मान्य करता येणार नाही. फलक लावल्याने शेजाऱ्यास होणारा त्रास थांबतो, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. ध्वनी खोलीत शोषणे आणि भिंतीपलीकडे जाऊ न देणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरीसाठी वजनदार, फटी नसलेली भिंत लागते. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटविण्याची प्रथा याच गैरसमजातून आली आहे.

मग करावे काय? रॉय ॲलिसन यांनी १९७४ मध्ये भिंतींच्या सान्निध्याचा स्पीकरच्या मंद्र ध्वनीवर होणारा परिणाम मांडला, तेव्हापासून या प्रश्नाची दिशा स्पष्ट आहे : आधी जागा, मग जाडी. २५ सेंटिमीटर खोलीची पेटी मागे सरकवून तिचा पडदा भिंतीपासून ३५ सेंटिमीटरवर आणला, तर व्यतिकरणाची दरी सुमारे २४७ हर्ट्झवर, काळी एकच्या कोमल निषादाजवळ, सरकते. दोष नाहीसा झालेला नसतो; परंतु तो आता अशा ठिकाणी आलेला असतो, जेथे पेटीमागे उरलेल्या दहा सेंटिमीटर जागेत बसविलेला तितक्याच जाडीचा फलक खरोखर काम करतो. भिंतीच्या सान्निध्याने मंद्र ध्वनी एकूण वाढतो, तो स्वरनियंत्रकाने कमी करता येतो. याउलट व्यतिकरणाने पडलेली दरी स्वरनियंत्रकाने भरता येत नाही. कारण थेट ध्वनी वाढविला की त्याला खोडणारा परावर्तित ध्वनीही तितकाच वाढतो.

ज्यांना याची प्रचिती हवी असेल त्यांनी भ्रमणध्वनीवरील तंबोऱ्याचे उपयोजन काळी एकवर लावून स्पीकरमधून वाजवावे, आपल्या नेहमीच्या जागी बसावे आणि दुसऱ्या कोणाला तरी स्पीकर दहा-दहा सेंटिमीटर मागे-पुढे करावयास सांगावे. षड्ज कधी भरेल, कधी ओसरेल. या प्रयोगाला एक पैसाही लागत नाही.

समारोप :

स्पीकरमागचा फलक अनेकदा आपल्या कामाच्या जागी नसतो, आणि जेथे असतो तेथे पुरेसा जाड नसतो, असा या चिकित्सेचा निष्कर्ष आहे. तो केवळ छांदिष्ट श्रोत्यांपुरता मर्यादित नाही. महाविद्यालयाच्या सभागृहासाठी फलकांची मागणी नोंदविताना आपण रंग आणि कापड निवडतो, परंतु निनादकाल मोजून घेत नाही. सबाइन यांचे सारे संशोधन एका व्याख्यानकक्षात न समजणाऱ्या शब्दांपासून सुरू झाले होते, हे अध्यापकांनी तरी विसरू नये.

संगीताच्या समीक्षकावरील जबाबदारी याहून मोठी आहे. जुन्या पिढीतील अनेक गायक आज आपल्याला केवळ ध्वनिमुद्रणांतूनच भेटतात. त्यांच्या आवाजाविषयी आपण जे लिहू ते विद्यार्थी वाचतील आणि खरे मानतील. 'षड्ज पोकळ लागला' असे लिहिण्यापूर्वी खुर्ची दोन फूट सरकवून, स्पीकर एक वीत मागे करून आणि शक्य तर दुसऱ्या खोलीत ते मुद्रण पुन्हा एकदा ऐकणे, एवढी तरी न्यायबुद्धी आपण त्या कलावंतांचे देणे लागतो.